शब्दांकन : चारुलता उदगीरकर

चारुलताबाईंनी जामबागेतल्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि स्वतः नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. आल्प्स हा वली पर्वत कसा, न्यूझीलंडचा नैऋत्य किनारा दातेरी का, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तेविसाव्या वर्षी कॉलेजातर्फे उत्तरकाशीच्या गिर्यारोहण शिबिरासाठी त्यांची निवड झाली होती. त्याच महिन्यात लग्न ठरलं. मुकुंदराव माणूस भला, पण त्यांचं चालणं म्हणजे बरकतपुऱ्यातल्या घरापासून काचीगुड्यापर्यंत. तेही ऑटो मिळाला नाही तर.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मराठी मंडळाचे चिटणीस लक्ष्मणराव एक काम घेऊन आले.

"रसिका लिमये माहीत आहे ना? कोंडापूरला राहते, आयटीत आहे. नवरा-बायको दर वर्षी कुठल्या तरी देशात पायी हिंडून येतात. मासिकात तिची लेखमाला करायची आहे. बोलते छान, पण मराठी लिहायचं म्हटलं की हात वर करते. सगळं शिक्षण इथंच इंग्रजीत झालं तिचं. ती सांगेल, तुम्ही लिहा."

चारुलताबाईंनी लगेच होकार दिला. जगातल्या उत्तमोत्तम वाटा चालून आलेलं माणूस आपल्या दिवाणखान्यात येणार, याचाच त्यांना आनंद झाला होता.

तो आनंद पहिल्या दिवशीच संपला. रसिका चौतिशीची, हसरी, पायात बूट. आल्या आल्या तिने मोबाइलवर फोटो दाखवले. माँ ब्लाँ पर्वताला घातलेला फेरा : फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, दहा दिवसांत जवळजवळ एकशे सत्तर किलोमीटर.

"कसं होतं?" चारुलताबाईंनी वही उघडली.

"काकू, बेस्ट! व्ह्यू तर एकदम खतरनाक."

"हिमनदीचा रंग कसा होता?"

"ब्लू. म्हणजे... ब्लूच."

"तिचा आवाज येतो म्हणतात. बर्फ तडकतो, सरकतो. ऐकलास?"

"आवाज?" रसिकाने आठवून पाहिलं. "नाही हो, लक्ष नाही दिलं."

चारुलताबाईंच्या मनात आलं, या मुलीच्या जागी मी असते तर तिथल्या एकेका दगडाचं नाव सांगितलं असतं. ती गेल्यावर त्यांनी तिने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले ते फोटो पुन्हा काढले, दोन बोटांनी मोठे करून पाहिले. खिंडीत उभी रसिका, मागे नवरा, हर्षद, तिची सॅक धरून. एका फोटोत नुसता तिचा पाय होता, अंगठ्याचं नख बुटात घासून काळं पडलेलं. त्या काळ्या नखाचासुद्धा त्यांना हेवा वाटला.

लेख त्यांनी जीव ओतून लिहिला. आवाज रसिकाने ऐकला नव्हता, तो चारुलताबाईंनी पुस्तकांतून आणला. लेख गाजला. मग आइसलँडचा आला, ज्यात बर्फासारख्या थंड नद्या अनवाणी ओलांडायच्या होत्या. मग पेरूमधली इंका लोकांची दगडी वाट, मग न्यूझीलंडमधली मिलफर्डची वाट. वर ठळक अक्षरांत रसिकाचं नाव, खाली बारीक टाइपात 'शब्दांकन : चारुलता उदगीरकर'.

सप्टेंबरमध्ये नामपल्लीच्या एका सभागृहात मंडळाचा कार्यक्रम होता. उपम्याची बशी हातात घेऊन चारुलताबाई रसिकाशेजारीच उभ्या होत्या. एक वयस्कर गृहस्थ आले आणि रसिकाला म्हणाले, "काय लिहिता हो तुम्ही! हिमनदी ऐकू आली आम्हाला."

"थँक यू!" रसिका खुलली. मग तिला आठवलं. "काकूंनी पण खूप हेल्प केली."

हेल्प. तो शब्द चारुलताबाईंनी घरापर्यंत सोबत आणला.

"काय झालं? तोंड का उतरलं?" मुकुंदरावांनी विचारलं.

"काही नाही."

"त्या पोरीचं काही झालं का?"

"तिला काय होतंय! सगळं जग चालून झालं तिचं. लिहायचे कष्टसुद्धा मीच घेते."

"मग नको लिहूस. कशाला परेशान व्हायलीस?"

पण न लिहिणंही त्यांना जमत नव्हतं. लिहिताना तेवढा वेळ तरी त्या तिथे असायच्या.

ऑक्टोबरमध्ये रसिका आणि हर्षद नेपाळला अन्नपूर्णेच्या फेऱ्यावर गेले. थोरोंग ला ही त्या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड, पाच हजार चारशे सोळा मीटर. हे आकडे चारुलताबाईंना पाठ होते. मंडळात सगळ्यांना कळलं होतं की रसिकाला उंची बाधली, डोकं भयंकर दुखायला लागलं, आणि खिंड दोन-तीन तासांवर असताना दोघांना मागे फिरावं लागलं.

नोव्हेंबरमध्ये ती सांगायला आली तेव्हा नेहमीसारखी बोलेना. चहा निवत गेला.

"काकू, एक सांगू? लिहायचं नाही हं."

"सांग."

"माझं डोकं दुखत नव्हतं. मला भीती वाटली. वाट अरुंद होती, एका बाजूला सगळं खाली घसरलेलं. माझे पाय उचलेचनात. मी खाली बसले आणि रडले. हर्षद विचारायला लागला, डोकं दुखतंय का, उलटी होतेय का? मी हो म्हटलं. कॉलेजपासून त्याला ती खिंड चढायची होती. पंधरा वर्षं. माझ्यासाठी त्याने एका मिनिटात सोडली. उंची बाधली की खाली उतरावंच लागतं ना? मनाची भीती असती तर तो म्हणाला असता, थोडं बस, मग जाऊ. आता कसं सांगू त्याला?"

चारुलताबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आतल्या खोलीत मुकुंदराव पेपर वाचत होते, त्यांनाही सगळं ऐकू आलं.

ती गेल्यावर चारुलताबाई लिहायला बसल्या. दोन दिवस लेख जमेना. डोकेदुखीवर काय लिहिणार? तिसऱ्या दिवशी त्यांनी ती अरुंद वाट लिहिली. न उचलणारे पाय लिहिले. नवऱ्याला 'हो, डोकं दुखतंय' म्हणणारी बायको लिहिली. पानं भराभर झाली. आतापर्यंतचा तो सर्वांत चांगला लेख होता, आणि त्यांना ते कळत होतं. हेच खरं आहे, वाचकाला खरंच द्यायला हवं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण पाकीट बंद करताना त्यांना बरं वाटलं ते खऱ्यासाठी नाही. सगळं जग चालून आलेली ती पोरगी एकदाची कुठेतरी अडली होती, आणि ते सगळ्यांना कळणार होतं, म्हणून बरं वाटलं.

रसिका छापण्याआधी लेख कधी वाचत नसे. मराठी वाचायला तिला वेळ लागायचा. हर्षद मात्र पुण्यात वाढलेला. मासिक आलं की पहिल्यांदा तोच वाचायचा.

अंक निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रसिका दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"का लिहिलंत काकू?"

चारुलताबाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं, खरेपणाचं. ते तोंडातून बाहेर पडेना.

"मला तुझा हेवा वाटतो," त्या म्हणाल्या.

रसिकाला कळलंच नाही. "कशाचा?"

"सगळ्याचा. तू जातेस त्याचा. जाऊन काही बघत नाहीस, त्याचा तर जास्तच. तुझा नवरा तुझी सॅक धरतो त्याचा."

"तो रात्रीपासून माझ्याशी बोललेला नाही," रसिका म्हणाली. "एवढंच विचारलं, हे खरं आहे का? मी घाबरून म्हटलं, नाही, काकूंनी रचलंय. आता तुम्ही येऊन त्याला तेच सांगा. प्लीज."

ती निघून गेल्यावर मुकुंदराव बाहेर आले.

"जाणार आहेस?"

"हो."

"मी ऐकलंय ना, पोरीनं काय सांगितलं ते. तू खोटं लिहिलं नाहीस. उद्या सगळे म्हणतील, बाईंनी मनचं रचलं. एकतीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"तिने मला विश्वासाने सांगितलं होतं," चारुलताबाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये हर्षदने स्वतः पाणी आणून दिलं. रसिका खिडकीपाशी उभी होती. भिंतीवर सगळ्या खिंडींचे फोटो होते, आणि चारुलताबाईंची नजर तशातही त्यांच्याकडे गेली.

"काकू, सरळ विचारतो," हर्षद म्हणाला. "ते तिने तुम्हाला सांगितलं, की तुम्ही घातलं?"

"मी घातलं."

"का पण?"

"डोकेदुखीत लेख होत नव्हता. फिका वाटत होता."

"रात्रभर मी तिला खोटारडी समजत होतो. तुम्हाला कल्पना आहे?"

"चूक झाली. मी लेखी माफी मागते."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," तो म्हणाला. लिफ्टपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही.

जानेवारीच्या अंकात चौकट आली. 'मागील लेखातील एक प्रसंग माझ्या कल्पनेतला होता. तो सौ. लिमये यांच्या नावावर छापला गेला याबद्दल मी त्यांची व वाचकांची क्षमा मागते.' खाली पूर्ण नाव, या वेळी ठळक टाइपात. लक्ष्मणरावांनी लेखमाला थांबवली. ते तोडून बोलले नाहीत, पण नंतर त्यांनी कुठलंच काम सांगितलं नाही. एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईने भाजी घेताना विचारलं, "मग ती हिमनदी पण रचलेलीच होती का?" चारुलताबाईंनी होकारार्थी मान हलवली. तिचा आवाज तरी खरंच रचलेला होता.

एप्रिलमध्ये रसिका जपानला गेली. कुमानो कोडो, जंगलातून देवळांकडे जाणारी फार जुनी यात्रेची वाट. व्हॉट्सअॅपवर फोटो आले : उंच झाडं, शेवाळलेल्या पायऱ्या, धुकं. चारुलताबाईंनी ते सगळे पाहिले. हेवा तसाच होता, जागचा हलला नव्हता.

जूनच्या अंकात रसिकाचा लेख होता. शब्दांकन कुणाचंच नव्हतं. चारुलताबाईंनी सवयीने लाल पेन घेतलं. पहिल्याच परिच्छेदात ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका. वाक्यं तुटकी. मग पान उलटल्यावर हे :

'तिथे पायऱ्या ओल्या होत्या. मला परत भीती वाटली. मी बसले आणि ह्या वेळी हर्षदला सांगितलं, डोकं नाही दुखत, भीती वाटते. आणि नेपाळचं पण सांगितलं. तो पूर्ण दिवस बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलला. तो डिसेंबरचा लेख खरा होता. काकूंनी माझ्यासाठी खोटं बोलल्या.'

'काकूंनी'मधला 'नी' खोडायला पेन टेकलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी मासिक मुकुंदरावांकडे दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"सुटलीस की तू."

"सुटले कसली! मी तिचं गुपित फोडलं, हे आता सगळ्यांना कळलं."

"ते तर खरंच आहे."

"आणि एवढं चार ओळींत कसं लिहिलं तिने? मला सहा पानं लागली होती." त्यांच्या आवाजात चीड होती, आणि ती लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. रसिकाने तो उचलायला वेळ घेतला.

"लेख वाचला," चारुलताबाई म्हणाल्या. "चांगला आहे. चुका फार आहेत."

"माहितीये. लक्ष्मणकाका पण म्हणाले." "काकू, मी अजून रागावलेली आहे तुमच्यावर."

"असणारच."

"पुढचा लेख पाठवला तर तपासून द्याल? फक्त ऱ्हस्व-दीर्घ. वाक्याला हात लावायचा नाही. एका पण."

"'एकाही' म्हणतात," चारुलताबाईंच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडून हसू आलं नाही, पण फोनही ठेवला गेला नाही.

"पाठव," त्या म्हणाल्या. "हात नाही लावणार."