काळा दगड आणि जाळीवालं पिल्लू

बॅरिंडल गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या मांडीवर एकेक पिल्लू, आणि सगळ्यांचे डोळे फिरस्त्या लाईल पर्व्हिसच्या हातातल्या काळ्या दगडावर.

"मंडळी, हा साधासुधा दगड नव्हे!" लाईल गरजला. "या मुलखातल्या पहिल्या मेंढपाळाच्या कुत्रीनं यावर डोकं ठेवून प्राण सोडला. तिची शांती यात मुरलीय! पिल्लाच्या कपाळाला टेकवा, रात्रभर हूं नाही की चूं नाही!"

अर्धा तास झाला तरी गड्याचं तोंड थांबत नव्हतं. त्याआधी दारात त्याची बायको डॉरीन प्रत्येक पिल्लाला मेंढीच्या काळजाचा तुकडा भरवत होती. "रिकाम्या पोटी शांती टिकत नाही," म्हणे!

दुसऱ्या रांगेत एनिड टॉलहर्स्ट टिलीला छातीशी धरून बसली होती. टिली आठ आठवड्यांची केल्पी, मेंढ्या राखणाऱ्या जातीची. नवरा रॉन गेल्यावर मेंढ्या आणि रान विकून एनिड गावातल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत आली. एकटेपणा सोसेना, म्हणून हे पिल्लू आणलं. पाच रात्री टिलीनं मागच्या ओट्यावर नुसतं भोकाड पसरलं. वसाहतीच्या कमिटीनं निक्षून सांगितलं, आणखी एक रात्र आरडाओरडा झाला तर पिल्लू परत पाठवायचं.

"अगं, मग घरात घे ना तिला," शेजारची बेव्ह म्हणाली होती.

"कामाचं कुत्रं घरात? रॉन असता तर त्यानं मलाच बाहेर काढलं असतं!"

पैसे गोळा झाले आणि दगड फिरू लागला. एकामागून एक पिल्लं माना टाकू लागली. टाळ्यांचा कडकडाट! टिलीच्या कपाळाला दगड लागला आणि ती एनिडच्या कुशीत कलंडली. सुटले बाई एकदाची, एनिडला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून आवाज आला, कूंऽऽ!

गस हॅलोरनचं पिल्लू होतं ते. तोंडाला तारेची जाळी. कोल्ह्यांसाठी रानात विषारी मांस टाकायचे हे दिवस, त्यामुळे गस कुत्र्याला जाळीशिवाय गाडीतून उतरवतच नसे. लाईलनं दगड टेकवला, पुन्हा टेकवला, मग चोळला. पिल्लू आणखीच केकाटलं.

"मालकाचीच श्रद्धा कच्ची!" लाईल ओरडला.

"माझी श्रद्धा राहू दे बाबा, तुझा दगडच कच्चा दिसतोय!" गस म्हणाला.

हशा पिकला. पण गावची जनावरांची डॉक्टर रोवेना हसली नाही. ती टिलीजवळ आली, तिचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पंजा चिमटीत दाबला. टिली हललीच नाही.

"एनिडमावशी, हिला उठवा बरं."

एनिडनं हाक मारली, हलवलं. डोकं नुसतं लटकत राहिलं. पोटाला हात लावला तर ते गार.

"दगडानं झोपवलंस ना?" रोवेना लाईलकडे वळली. "आता त्याच दगडानं उठवून दाखव."

"शांती मोडू नये, ताई. पाप लागतं."

"बरं. मग हे काळीज तू खा." तिनं डॉरीनच्या हातातलं ताट त्याच्यापुढे धरलं. "खा, सगळ्यांसमोर."

लाईलची नजर दाराकडे गेली. "मी... मी मांस खात नाही."

"काल जत्रेत तीन सॉसेज हाणलेस की!" कुणीतरी ओरडलं.

डॉरीनला रडू कोसळलं. "झोपेचं औषध आहे त्यात, माणसांचं. मी म्हणत होते, त्या चिमुकलीला अर्धाच तुकडा द्यावा..."

रोवेना टिलीला घेऊन पळत सुटली, मागे एनिड. बाकीच्यांनीही आपापली पिल्लं उचलून दवाखाना गाठला. इतर पिल्लं अंगानं मोठी, ती तासाभरात डोळे किलकिले करू लागली. टिलीला मात्र सलाईन लावावं लागलं. एनिड तिचा एकेक श्वास मोजत बसली. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की तिचा स्वतःचा श्वास अडकायचा.

"औषध चढायला अर्धा तास लागतो," रोवेना म्हणाली. "म्हणून ते लांबलचक भाषण. गसच्या पिल्लाच्या तोंडाला जाळी, त्याच्या पोटात काही गेलंच नाही. तिथं दगड काय करणार?"

"परक्याचा तुकडा तोंडात जाऊ नये म्हणून चाळीस वर्षं मी कुत्र्यांना जाळ्या बांधल्या गं," एनिड हुंदका आवरत म्हणाली. "आणि आज हिचं तोंड मीच उघडून धरलं!" मग तिनं विचारलं, "पण ही रडते तरी कशाला?"

"गेल्या आठवड्यापर्यंत सहा भावंडांच्या ढिगात झोपत होती, मावशी. एकटी पडली म्हणून रडते. तुम्ही नाही रडलात?"

एनिडनं टिलीचा पंजा हातात घेतला.

संध्याकाळी टिलीनं शेपूट हलवलं.

त्या रात्री एनिडनं खोक्यात रॉनचा जुना स्वेटर अंथरला आणि खोकं स्वतःच्या पलंगाला चिकटवून ठेवलं. टिली दोनदा कुरकुरली. एकदा एनिडनं तिला बाहेर मुतायला नेऊन आणलं, दुसऱ्यांदा नुसता हात खाली सोडला. वसाहतीत कुणाचीही झोप मोडली नाही.

पुढच्या रविवारी त्याच सभागृहात टिलीला काखोटीला मारून एनिड उभी राहिली. "पिल्लू रडलं तर दगड शोधू नका, ते का रडतंय ते शोधा. आणि उद्या कुणी चमत्कार दाखवायला आला, तर टाळ्या वाजवायच्या आधी त्याला विचारा, बाबा रे, दारात काय भरवलंस?"