बाहेरची कडी

मित्रांनो, मी एका जुन्या मालट्रकचा बंद हौदा आहे. लोक मला खोकं म्हणतात. पूर्वी मला त्याचा फार राग यायचा. खोकं असतं ते साबणाचं. माझ्या पोटात तर अख्खा संसार मावायचा. आता चाकं गेली, खालचं इंजीनही भंगारात गेलं, आणि मी उचगावच्या रस्त्याला लालासाबच्या परसात चार दगडांवर बसून आहे. दुपारी कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. त्यामुळे हल्ली कोणी काही म्हटलं तरी मी ऐकून घेतो.

माझा जन्म एकोणीसशे एकसष्ट सालचा. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका शेडमध्ये शमशुद्दीन मिस्त्रींनी मला बांधलं. खाली बाभळीच्या तुळया, उभे खांब सागाचे, वरून पत्रा आणि त्यावर हिरवा रंग. मिस्त्री तोंडात खिळे धरून काम करायचे, त्यामुळे फारसं बोलायचे नाहीत. पण शेवटी मागची दोन्ही दारं लावून त्यांनी बाहेरून कडी घातली आणि माझ्या पाठीवर थाप दिली. ती थाप मला अजून आठवते.

मला हंबीररावांच्या ट्रकवर चढवलं. हंबीररावांचा धंदा घरसामान हलवण्याचा. कोणा साहेबाची बदली होई, कोणाला इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये काम लागे, की आम्ही त्यांच्या दारात उभे. ड्रायव्हर होता लालासाब. सामान लावावं तर त्यानंच. जड वजन पुढे केबिनजवळ, कपाटं बाजूला टेकून, आरसा दोन गाद्यांच्या मध्ये. सगळं दोरानं आवळायचं, दारं लावायची, कडी घालायची, पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि निघायचं. पंधरा वर्षांत एक कपबशी फुटली नाही. लोक तोंडात बोटं घालायचे. लालासाबची मान ताठ व्हायची आणि माझीही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मग हंबीररावांनी नवा ट्रक आणला. मी गोदामामागे तीन पावसाळे भिजत उभा राहिलो. मला फोडून जळण करायचं ठरलं होतं. तेव्हा नोकरी सोडताना लालासाबनं मालकाकडे दुसरं काही न मागता हा जुना ट्रकच मागितला. मालकांना वाटलं, याचं डोकं फिरलं.

डोकं फिरलं नव्हतं. लालासाबची बायको खतिजा नऊ वर्षांपूर्वी आडावर पाय घसरून पडली होती. कमरेचं हाड जुळलं, पण वाकडं. तिला थोडा वेळही सरळ बसवत नसे, मग एस.टी.चा प्रवास कुठला? तिची धाकटी बहीण मलिका मालवणला दिलेली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून तिलाही घर सोडता येईना. आणि त्या वर्षी मलिकाचं कार्ड आलं. तिची नजर चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, वर्षअखेरपर्यंत नुसता उजेड-अंधार कळेल. कार्डावर शेजारच्या पोराकडून तिनं एवढंच लिहवून घेतलं होतं, की आक्का, त्याच्या आधी तुझं तोंड एकदा बघायचंय.

लालासाबनं ते कार्ड खिशात घातलं आणि म्हाताऱ्या शमशुद्दीन मिस्त्रींना बोलावून आणलं. दोघांनी मिळून माझं घर करायला घेतलं. दीड महिना माझ्या पोटात रंधा चालला होता. नवारीचा पलंग बोल्टानं जमिनीला जखडला. भांड्यांसाठी कठड्याची फळी, स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा, कोपऱ्यात एवढीशी मोरी, पाण्याचं पिंप. हवेसाठी वर छताजवळ दोन जाळ्या ठोकल्या. सगळी गल्ली बघायला आली. शेजारच्या झुंबरबाई तर म्हणाल्या, की आमच्या घरापेक्षा हेच बरं दिसतंय. मी पुन्हा नाकानं कांदे सोलायला लागलो.

खतिजाला मात्र कोणी काही विचारलं नाही. ती काठी टेकत एकदा आत येऊन गेली. पलंग मागे घेऊन त्याचं डोकं दाराकडे केलं तर कुशीवर वळून बाहेरचं दिसेल, असं ती म्हणाली. लालासाबनं तिला समजावलं, की जड वजन पुढेच ठेवावं लागतं, नाहीतर गाडी पुढून उचल खाते. ती हसली आणि घरात गेली. मलाही त्या वेळी लालासाबचंच बरोबर वाटलं. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकलेले.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. खतिजाला पलंगावर झोपवलं. पिंप दोरानं बांधलं. लालासाबनं दारं लावली, कडी घातली, दोन थापा मारल्या आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

राधानगरीपर्यंत ठीक होतं. दाजीपूरचं रान मागे पडलं आणि फोंडा घाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर पिंपाचा दोर सुटला. पिंप कलंडलं, पाणी सगळं गादीवर आलं. धडपडत उठताना खतिजा खाली पडली. तिनं हाका मारल्या. पेल्यानं माझ्या भिंतीवर ठोकलं. खरडत दारापर्यंत आली आणि दार ढकललं. दार उघडलं नाही. मिस्त्रींनी आयुष्यात शंभर हौदे बांधले असतील, पण आतून कडी कधी कोणी मागितली नव्हती. सामानाला आतली कडी कशाला लागते?

मित्रांनो, मी सगळं ऐकत होतो. तिचा हात माझ्या दारावर होता आणि मला ते उघडता येत नव्हतं. तिच्या हाका इंजिनाच्या आवाजात बुडाल्या; ठोकण्याचा आवाज तेवढा लालासाबला ऐकू गेला होता. पण त्याच्या कानांना तो ओळखीचा होता. आत एखादं भांडं सुटलंय, उतरल्यावर बघू, असं त्याला वाटलं. घाटात भांड्यासाठी तो कधीच थांबला नव्हता.

घाट उतरल्यावर चहाच्या टपरीशी गाडी थांबली. लालासाबनं कडी काढली. खतिजा ओल्या जमिनीवर पलंगाचा पाय धरून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"अवं, तुमी बायकू घिऊन निघालायसा का सामान?" तिनं विचारलं.

लालासाबनं तिला उचलून टपरीच्या बाकावर आणून टेकवलं. ती म्हणाली, की त्या खोक्यात मी परत पाय ठेवणार न्हाय, मला घरी न्ह्या. पण घरी न्यायचं तरी माझ्यातूनच न्यावं लागणार होतं, आणि मालवण आता तीन-चार तासांवर होतं. चहा निवला. तिचं म्हणणं खरं होतं.

शेवटी लालासाब म्हणाला, "मग कसं करू? तूच सांग."

नऊ वर्षांत, किंवा कदाचित त्याआधीपासूनच, त्यानं तिला असं विचारलं नव्हतं. आणि खतिजाकडे सगळं तयार होतं. पलंग मागे, त्याचं डोकं दाराकडे. दाराचं एक पान उघडं, बांधून ठेवलेलं; पडू नये म्हणून दोन दोर आडवे. कडी उपटून आतल्या बाजूला. आणि एस.टी.च्या कंडक्टरला घंटीसाठी असते तशी एक दोरी. तिचं एक टोक तिच्या हातात राहील आणि दुसरं, छताजवळच्या जाळीतून केबिनपर्यंत नेऊन, त्याच्या दंडाला.

लालासाबनं हत्यारांची पेटी काढली. बोल्ट सोडवता सोडवता तो एकदाच पुटपुटला, की वजन मागं जातंय. पण त्यानं पलंग मागे ओढून फिरवला. बाहेरची कडी निघाली तेव्हा माझ्या दारात चार भोकं राहिली. मला तो आपला अपमान वाटला नाही.

पुन्हा निघालो. अर्ध्या मैलावरच दोरीला झटका बसला. लालासाबनं करकचून ब्रेक लावला आणि धावत मागे आला.

"काय झालं?"

"काय न्हाय," खतिजा म्हणाली. "थांबताय का बघितलं."

तो परत केबिनमध्ये जाऊन बसला. कणकवलीपर्यंत तिनं आणखी दोनदा दोरी ओढली. एकदा पाण्यासाठी, आणि एकदा मोहोरलेला काजू नीट बघण्यासाठी. दोन्ही वेळा गाडी थांबली. पंधरा वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो होतो, पण मागे पडत जाणारा रस्ता कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

मालवणात पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मलिका भिंतीला हात लावत बाहेर आली. कार्डावरून वाटलं होतं त्याहून तिचे डोळे वाईट होते. अगदी जवळचं आणि उजेडातलंच तेवढं दिसत होतं. खतिजाला दिवसभराच्या प्रवासानं उठवेना. मग मलिकाच चाचपडत माझ्यात चढली. पलंगाचं डोकं दाराशीच होतं. तिनं दोन्ही हातांनी बहिणीचं तोंड धरलं, उजेडाकडे वळवलं आणि आपलं तोंड अगदी जवळ नेलं.

"म्हातारी झालीस की गं आक्का," ती म्हणाली.

खतिजा रडत होती. तिला डोळे पुसायचे होते.

"हालू नगंस," मलिका म्हणाली. "ऊन हाय तवर बघू दे."

लालासाब खाली हात बांधून उभा होता. पलंग पहिल्यासारखा केबिनजवळच असता तर तिथं एवढा उजेड पोचलाच नसता, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. ऊन जाईपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मलिकाची नजर पूर्ण गेली.

मित्रांनो, मला रंग द्या, माझी डागडुजी करा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही मोठे व्हाल आणि आपल्या माणसांसाठी मायेनं काहीतरी बांधाल. खिळा ठोकण्याआधी त्यांना विचारा. आणि आतून आवाज आला, तर भांडं असेल असं समजू नका. गाडी थांबवा.