सोळा तारखेचं पान

"हवामान उघडतंय, चर्चचं उघडतंय, रग्बीचे निकालसुद्धा उघडतायत. आणि नेमकं हेच तेवढं उघडत नाही!" सेतेफानो मास्तरांनी संगणकाच्या टेबलावर थाप मारली. "का? सांग ना, का?"

"मास्तर, आधी खुर्चीवरून उठा बघू," लोसा म्हणाली. "तुम्हीच बसून राहिलात तर मी काय हवेत हात चालवू?"

मास्तर उठले. उठल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते वर्गात बांधायचे तसे पाठीमागे बांधले. लोसा त्यांचीच विद्यार्थिनी. आता चाळिशीची झाली होती, गावातल्या फोनच्या तारा जोडायची, आणि निरोप मिळताच शिडी तिथेच टाकून आली होती. गावात दुसरा संगणक होता तो शाळेत, पण शाळेला सुट्टी लागली होती आणि किल्ली घेऊन मुख्याध्यापक बोटीने राजधानीला, आपियाला गेले होते.

सकाळच्या बातम्यांत रेडिओने सांगितलं होतं. एका मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात आज मध्यरात्रीनंतर आग लागली, जहाजावर बावीस खलाशी होते, काहींना दुसऱ्या जहाजाने उचललं आहे. कंपनीने घरच्यांसाठी आजच एक वेगळं पान सुरू केलं आहे, वाचलेल्यांची नावं तिथे लागतील. पत्ता दोनदा वाचला गेला आणि मास्तरांनी तो पाकिटाच्या पाठीवर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला. कंपनीचा फोन तेव्हापासून लागत नव्हता. त्या बाविसांत आपेलु होता, मास्तरांचा एकुलता एक मुलगा.

तिलोमाई, त्यांची बायको, खाली चटई विणत बसली होती. म्हणजे पट्ट्या हातात होत्या, हात चालत नव्हते.

लोसाने पत्ता पुन्हा टाकला. पडदा पांढरा झाला, आणि 'हे पान सुरक्षित नाही, उघडता येत नाही' एवढंच उमटलं. तिने साठलेला सगळा कचरा पुसला, यंत्र बंद करून चालू केलं. तेच. मग दुसऱ्या ब्राउझरमधून तोच पत्ता उघडून पाहिला. तिथेही तेच.

"म्हणजे दोष ब्राउझरचा नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

"मग कंपनीनेच पान काढून टाकलं असेल," मास्तर घाईघाईने म्हणाले. "चूक झाली असेल त्यांची. दुसरंच कुठलं जहाज असेल. रेडिओवाले काय, वाट्टेल ते बोलतात."

"अहो, जरा गप्प बसा ना," तिलोमाई म्हणाली. "तिला बघू द्या."

लोसाने त्या निरोपाखालची बारीक अक्षरं उघडली आणि ओठ हलवत वाचली. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली आणि तिथेच थांबली. तिथे पंधरा जुलै होती, सोमवार. गावात सोळा होती, मंगळवार.

ही गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती. दीड वर्षापूर्वी सरकारने देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे नेला आणि त्यासाठी कॅलेंडरातला एक शुक्रवार गाळला. गुरुवारी झोपलेलं गाव उठलं ते थेट शनिवारी. सगळे हसले आणि कामाला लागले, पण मास्तर पडले शब्बाथ, म्हणजे शनिवारचा देवाचा विश्रांतीचा वार, पाळणारे. देवाने सात दिवस मोजून दिले, त्यातला एक मंत्र्याने कसा खाल्ला, असं म्हणून त्यांनी आपली मोजणी जुनीच ठेवली. गावाच्या रविवारी ते शनिवारची प्रार्थना करत. संगणकाची तारीखही त्यांनी स्वतःच्या हाताने एक दिवस मागे नेली होती. आपेलु सुट्टीवर आला की त्यांना चिडवायचा, "बाबा, आम्ही जहाजावर ती रेषा ओलांडताना दरवेळी एक दिवस गमावतो आणि परतीला मिळवतो. तुमचा एकदाच गेला, तर केवढा कांगावा!" मास्तर त्याच्या पत्रांवरच्या तारखा लाल पेन्सिलने दुरुस्त करून ठेवत.

लोसाने घसा साफ केला. "मास्तर, प्रत्येक पानाला एक परवाना असतो. त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. जुन्या पानांचे परवाने जुने, ते चालतात. हे पान आज सुरू झालंय. परवाना सोळा जुलैपासूनचा आहे."

"मग?"

"मग तुमचं यंत्र म्हणतंय, सोळा अजून उजाडलीच नाही."

बाहेर फणसाच्या झाडाखाली कोंबड्या उकरत होत्या. मास्तर तारखेवर हटून बसणार, असं लोसाला वाटलं. ती लगेच म्हणाली, "तुमची तारीख मोडायची गरज नाही हं. समुद्रापलीकडे अमेरिकेच्या बेटावर, पागो पागोत, अजून तुमचाच वार चालतो. तुम्ही तिथे राहता असं यंत्राला सांगते. कोपऱ्यात पंधराच दिसेल, यंत्राला आतून खरी वेळ कळेल आणि पानही उघडेल. दोन मिनिटांचं काम."

मास्तरांनी मान हलवली नाही. सबब संपली होती. देवाच्या मोजणीला धक्का लागत नव्हता, तरी ते पुढे सरकेनात. त्यांना एकदम दिसलं होतं, की या यंत्रात आज पंधरा आहे. पंधराला जहाज पेटलेलं नाही. पंधराला आपेलु इंजिनघरात उभा आहे, कपाळाचा घाम बाहीने पुसतोय. त्यांना भीती वाटत होती, उघड उघड, लहान पोराला वाटते तशी.

"हे काही न करता उघडेल का कधी?" त्यांनी विचारलं.

लोसाला खोटं बोलता येईना. "उद्या. तुमची सोळा लागली की आपोआप उघडेल."

"मग उद्याच उघडू. काय घाई आहे?"

तिलोमाईने हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या. "उद्या?" ती म्हणाली. "अहो, तुमच्याकडे एक दिवस शिल्लक आहे. माझ्याकडे नाही. मी गावाबरोबर जगते. माझा पोरगा आज कुठे आहे ते मला आज कळायला हवं. लोसा, पोरी, तू उघड."

"थांब."

"नाही थांबणार. उघड म्हणते ना!"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मागून कळफलकाचा आवाज आला, मग तोही थांबला.

"उघडलं," लोसा म्हणाली.

यादी आडनावांच्या क्रमाने होती. इथे बापाचं नाव हेच पोराचं आडनाव, त्यामुळे त्या यादीत मास्तरांना स्वतःचंच नाव शोधायचं होतं. ते चष्मा पुसून वाकले. एकोणीस नावं होती. त्यांनी ती हजेरी घेतल्यासारखी बोट लावून वाचली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. सेतेफानो कुठेच नव्हतं. तळाशी एक ओळ होती: तिघे बेपत्ता, शोध चालू आहे.

"शोध चालू आहे म्हणतायत, काकू," लोसा म्हणाली. तिलोमाईने तिचा हात घट्ट धरला, सोडलाच नाही.

आठ दिवस मास्तर त्या खुर्चीवरून जेवायलाही उठले नाहीत. तिलोमाई उकडलेले तारोचे कंद आणि मासा तिथेच आणून ठेवायची आणि तसाच परत न्यायची. पान दर तासाला उघडायचं, आता काहीही अडत नव्हतं. नवव्या दिवशी खालची ओळ बदलली. शोध थांबवला होता.

पुरायला काही नव्हतं, तरी अंगणात आपेलुच्या आजोबांच्या थडग्याशेजारी दगड बसवायचा ठरला. गवंडी आला, त्याने दगडावर थापलेल्या ओल्या सिमेंटवर नाव कोरलं आणि खिळा हातात धरून अवघडून उभा राहिला. मास्तरांच्या तारखेच्या वेडाची त्याने गावात पुष्कळदा चेष्टा केली होती.

"मास्तर, तुमच्या हिशोबाने पंधरा घालू ना?"

"सोळा घाल," मास्तर म्हणाले.

गवंडी गोंधळला. "पण तुमची तर…"

"पंधराला तो जिवंत होता."

गवंड्याने खाली मान घालून एक आणि सहा कोरले. मास्तर वाकून बघत होते. सहाचं पोट वाकडं आलं होतं. त्यांनी ते अंगठ्याने हळूच पुसलं, खिळा मागून घेतला आणि फळ्यावर काढायचे तसा गोल, नेटका सहा पुन्हा काढला.