आधी मुळा, मग हात

मी पॉवर प्रेस बोलतोय. ऐका, पण लांबूनच ऐका. हात मागे ठेवा. माझ्या तोंडात गेलेल्या हातांचं काय होतं, तेच मला आज सांगायचंय.

माझं धड कोल्हापूरजवळच्या एका भट्टीत ओतलं गेलं. तापलेला रस, घाम, शिव्या आणि मराठी, एवढी शिदोरी घेऊन मी ट्रकवर चढलो आणि नोएडाच्या एका सेक्टरात, ढींगरांच्या कारखान्यात येऊन उभा राहिलो. आम्ही आठ प्रेस, एका ओळीत. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून मी साठ टनांनी आदळायचं, की गाडीच्या दाराची बिजागरी तयार. तासाला सहाशे. जमीन हादरायची, कान बधिर व्हायचे आणि खोटं कशाला बोलू, मला त्या दणक्यांची मजा यायची.

दोष एकच, पण जन्माचा. एकदा सुटलो की मला मध्ये थांबता येत नसे. खाली पत्रा असो की बोट, आदळूनच वर यायचं.

"मशीन ने उँगली खा ली," असं इथे म्हणतात. संताप येतो मला. मी खात नाही हो, मला भरवतात! तासाला सहाशे हवेत म्हणून डोक्यावर ओरडत राहिलं, तर हात बाहेर निघायच्या आत पाय पेडलवर पडणारच.

बदायूँची राधा सात वर्षं माझ्यासमोर बसायची. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट चिरडलं. ती किंचाळली, पण त्या गोंगाटात शेजारणीलासुद्धा ऐकू गेलं नाही. सुपरवायझरने पोत्याने रक्त पुसलं आणि अर्ध्या तासात दुसरी बाई बसवली. महिन्याभराने राधा परत आली, मला एक सणसणीत शिवी हासडली आणि कामाला लागली. तिची काही चूक नव्हती.

मग प्रणिता आली. मूळची परभणीची, इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारी. तिघांचा करार झाला होता: विद्यापीठाने उपकरण बनवायचं, ढींगरांनी मशीन आणि जागा द्यायची, मंत्रालयाने निधी द्यायचा. जमलं तर ते उपकरण देशभरातल्या कारखान्यांत जाणार होतं. प्रणिताने माझा जुना क्लच काढून ब्रेकवाला बसवला आणि तोंडासमोर न दिसणाऱ्या किरणांचा पडदा लावला. किरण तुटला की मी थांबलोच पाहिजे. पडदा चालू असला की समोर हिरवा दिवा. साचा बदलताना पडदा बंद करायला मागच्या बाजूला एक चावी.

चाचणीला ती रोज बाजारातून मुळा आणायची. "आधी मुळा, मग हात," असं स्वतःशीच मोठ्याने म्हणायची. राधाने पेडल दाबलं, मी सुटलो आणि प्रणिताने मुळा आत सारला. मी वीतभर वर थांबलो! आयुष्यात पहिल्यांदा थांबलो. मग हात आत ठेवून पेडल दाबलं, तर मी जागचा हललोसुद्धा नाही. राधा इतकी हसली की तिला ठसका लागला. मुळ्याला मीठ लावून दोघींनी तिथेच खाल्ला. मला काय वाटलं म्हणून सांगू? आपण आता माणसात आलो असं वाटलं.

तीन आठवड्यांत मी त्रेचाळीस वेळा थांबलो. प्रणिता म्हणाली, त्रेचाळीस वेळा हात वाचला. ढींगरा म्हणाले, त्रेचाळीस वेळा काम अडलं. सरकारी फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता. उपकरण बसवलं का, हो की नाही, इतकंच विचारलं होतं.

"विज़िट तक ये रुकना-वुकना ज़ीरो चाहिए," ढींगरांनी सुपरवायझरला बजावलं. कसं करणार, ते विचारलं नाही. मंत्रालयाच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझरने चावी फिरवून पडदा बंद केला आणि हिरव्या दिव्याला वेगळी वायर जोडली, म्हणजे दिवा आपला जळतच राहील. राधाने ते पाहिलं. "मुँह खोला तो गेट के बाहर," तो तिला म्हणाला.

भेटीच्या दिवशी मंत्रालयातून शांताराम साहेब आले. सुपरवायझर गेटवर गुच्छांच्या मागे लागला होता. नुसते फोटो काढायचे ठरले होते, पण शांताराम साहेब प्रणिताला म्हणाले, "अगं, मराठी मुलगी आहेस, अच्छा वाटलं. चालतं कसं ते दाखव तरी."

प्रणिताने पिशवीतून मुळा काढला.

"अरे मैडम, ये मूली-वूली हटाइए," ढींगरा हसत म्हणाले, "मिनिस्ट्री से लोग आए हैं."

ती ओशाळली. मुळा परत पिशवीत गेला. हिरवा दिवा बघून तिने सरळ हात आत ठेवला आणि राधाला मान हलवून खूण केली.

राधाचा पाय हलेना. "मुझसे नहीं होगा, साहब."

"क्या नहीं होगा? हट!" म्हणत ढींगरांनी स्वतःचा बूट पेडलवर ठेवला.

मी सुटलो. पडदा आंधळा होता आणि ब्रेकला कुणी हाक मारली नाही. जिवाच्या आकांताने मला थांबायचं होतं हो! राधा ओरडली आणि पुढे झेपावून तिने उजव्या हाताने प्रणिताचं मनगट बाहेर फटकावलं. प्रणिताचा हात निघाला. राधाचा राहिला.

चार बोटं. रक्त हिरव्या दिव्यावर उडालं आणि दिवा जळतच होता. शांताराम साहेबांनी तिथल्या तिथे फोन करून मला सील करायला लावलं.

पंधरा दिवसांनी अहवालाचा कागद तयार होऊन आला: उपकरण उत्तम, अपघात कामगाराच्या चुकीने. ढींगरांची सही झालेली होती. विद्यापीठालाही पुढचा टप्पा हवाच होता. प्रणिताची सही झाली की राधा दोषी ठरणार आणि कायमची गेटबाहेर जाणार.

प्रणिताने सही केली नाही. चावीचं आणि वायरचं राधाने तिला सगळं सांगितलं होतं. तिने शांताराम साहेबांना आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरला माझ्यासमोर आणून उभं केलं; ढींगराही होतेच. सील निघालं. हिरवा दिवा लागला. पिशवीतून मुळा काढून तिने पडद्याच्या आरपार साच्यावर ठेवला आणि पेडल दाबलं. मी दाणकन आदळलो. मुळ्याचा लगदा ढींगरांच्या शर्टावर उडाला.

"बत्ती अब भी हरी है, सर," ती म्हणाली. "अब आप हाथ रखिए."

ढींगरांनी दोन्ही हात खिशात घातले.

शांताराम साहेबांनी तो कागद टराटरा फाडला आणि राधाचा जबाब लिहून घेतला. उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून तिने डाव्या हाताने सही केली. अंगठा आणि दोन बोटं, पेन धरण्यापुरती.

माझ्यावर आता पुन्हा सील आहे. खटला संपला की मला वितळवतील. वितळवा, माझी तक्रार नाही. प्रणिताचा पडदा तेवढा आधी काढून घ्या. तो चांगला आहे, त्याला आंधळा केला माणसांनी. तुम्ही विद्यापीठातले असा, कारखान्यातले किंवा सरकारातले, दिवा बघून सही करू नका.

बाकीचे सात प्रेस अजून इथेच धडधडतायत, मध्ये थांबता न येणारे. आज सकाळी शेजारच्या प्रेसवर एक नवी बाई बसली आहे. तिला दहाही बोटं आहेत. लवकर करा.