आगकाडी चॅनेलवर नाही

बारा दिवस झाले, आगकाडी चॅनेलवर आला नव्हता, आणि दीक्षाचं कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती कामाला होती. हातातलं काम टाकून दर पाच मिनिटांनी ती चॅट उघडायची, हजर असलेल्यांची यादी वरून खाली वाचायची आणि बंद करायची.

दोन हजार दोन साल. ते लिनक्स नावाची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचं गप्पांचं चॅनेल होतं. पडद्यावर नुसत्या ओळी सरकायच्या. चेहरा नाही, गाव नाही, आडनाव नाही, नुसतं टोपणनाव. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करायचं. गडमुडशिंगीहून रोज ये-जा करणारी तेवीस वर्षांची दीक्षा तिथं 'मुंगी' होती. आपण बाई आहोत हे कळू नये म्हणून ती क्रियापदं जपून लिहायची. लॅबचा सर्व्हर कसा चालवायचा, हे तिला आगकाडीनंच शिकवलं होतं. 'लेका मुंगी' म्हणून दटावायचा, पण जीव लावून शिकवायचा.

एका दुपारी त्यानं सांगितलेली आज्ञा तिनं सर्व्हरला दिली आणि पोरांची वर्षभराची प्रॅक्टिकलं पुसली गेली. प्राचार्यांनी सगळ्या स्टाफपुढं तिला झापलं. ती तणतणत आली आणि तिनं सगळ्यांदेखत लिहिलं, 'येत नसेल तर शिकवत जाऊ नकोस. वाटोळं केलंस माझं.'

आगकाडी निघून गेल्याची ओळ तेवढी उमटली.

तिसऱ्या दिवशी तिनं आपण टाइप केलेलं पुन्हा तपासलं. त्यानं दुसरी डिस्क सांगितली होती. तिनं पहिली लिहिली होती. b च्या जागी a, एका अक्षराची चूक, आणि ती तिची.

माफी मागायची तर कुणाकडं? त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. चॅनेल सांभाळणारा एवढंच म्हणाला, 'मलकापूरचा आहे, असं एकदा बोलला होता.'

रविवारी तिनं मलकापूरवरून जाणारी रत्नागिरी गाडी पकडली. खिडकीशी बसून वाक्यं जुळवली, मोडली. वाटेत बांबवड्याला उतरून परत फिरावं असंही मनात आलं. मलकापूरच्या स्टँडवर चहावाल्या शालूबाईंना तिनं इथं इंटरनेट कुणाकडं आहे असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "इंटरनेट व्हय? ते अंबादास मास्तरांकडं. पण मास्तरांचं हल्ली कायतरी बिनसलंय बघ."

दार उघडलं ते पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांनी. दीक्षानं मनात विशीतला पोरगा धरला होता.

"कोण पायजे?"

"सर, मी... मुंगी."

मास्तर तिच्याकडं बघतच राहिले. "पोरगी हाईस व्हय तू?"

"चुकलं माझं, सर. तुम्ही दुसरी डिस्क सांगितलेली. मीच पहिली टाकली."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. मग त्यांचा आवाज चढला. "तीस वर्षं गणित शिकवतोय मी! एका पोराचं वाटोळं केलं म्हणून बारा दिवस मशीनला हात लावला न्हाय. आणि हे तू आज सांगतीस?"

"मग कुठं सांगू? तुमचं नाव कुणाला म्हाईत होतं?"

मास्तर खुर्चीतून उठले. "मला एकट्याला सांगून काय उपयोग? ज्यांच्यापुढं बोललीस त्यांच्यापुढं सांग की."

त्यांनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं, फोनच्या तारेला मोडेम लावला. फोन दोनदा एंगेज लागला. दीक्षा उभ्याउभ्या ओढणीचं टोक पिळत होती. तिसऱ्यांदा मोडेम किंचाळला आणि चॅनेल उघडलं. नऊ जण हजर होते.

तिनं लिहिलं, 'मी मुंगी. आगकाडीनं बरोबर सांगितलं होतं. मी चुकले.'

'चुकले' लिहून ती क्षणभर थांबली. मग तिनं एंटर दाबलं.

मिनिट गेलं. मग नागपूरच्या कुणीतरी विचारलं, 'साउंड कार्डाचा आवाज येत नाही. कुणी आहे का?'

"कुणीच कायबी म्हणत न्हाय," दीक्षा पुटपुटली.

"वाचलं की त्यांनी. सरक जरा." मास्तरांनी कीबोर्ड ओढला आणि एका बोटानं टाइप केलं, 'कार्ड कुठल्या कंपनीचं, ते सांग.'

परतीची गाडी चारला होती. दीक्षा मास्तरांशेजारी बसून राहिली आणि पाचच्या गाडीनं गेली.