फळ्याचा उजवा कोपरा

"मी न्हाई बोललो, बाई."

एवढंच म्हणाला होता तो. रडून नाही, तावातावानं नाही; भरला तांब्या कुणी अलगद खाली ठेवावा तसं. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. स्वप्नाचं डी.एड. झालं, लग्न झालं, मिरज तालुक्यात चौदा वर्षं मास्तरकी झाली; पण वर्ग क्षणभर गप्प झाला की तो आवाज तिच्या कानाशी येऊन बसायचा. आणि यंदा बदली झाली ती थेट रहिमतपूरजवळच्या तिच्या माहेरगावी. तीच शाळा, तीच चौथी.

चौथीत ती मॉनिटर होती. बाई ऑफिसात गेल्या की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखायची आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायची. पुन्हा बोलला की नावापुढं फुली. त्या दिवशी बोलत होती ती स्वतःच, मैत्रिणीच्या कानाला लागून, खिदळत. व्हरांड्यात चपला वाजल्या. चौकट रिकामी. रिकामी चौकट दिसली की बाई विचारायच्या, "मग आवाज कुणाचा होता गं?" तिनं घाईघाईनं लिहिलं: कपिल.

तो शेवटच्या रांगेत पेन्सिलीला टोक करत बसला होता. त्याचंच नाव का? कारण तो भांडला नसता. आणि विहाराकडच्या त्या चार घरांतून शाळेत जाब विचारायला कुणी येत नसे, हे नऊ वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. हे दुसरं कारण तिनं स्वतःपाशी कबूल केलं ते फार उशिरा.

बाईंनी त्याला मागच्या भिंतीशी उभं केलं. "हाक मारेपर्यंत हलायचं नाही." तासाभरानं फोटोवाला आला. सगळी चौथी मैदानात ओळीनं उभी राहिली, केस चापून, हात बांधून. हाक मारायची राहूनच गेली. आणि कपिल, फोटोसाठी घातलेल्या नव्या पिवळ्या शर्टात, भिंतीमागं तसाच उभा. सांगितल्या जागी, सांगितल्यासारखा.

शाळा सुरू झाली त्या दिवशी तोच लेकीला घेऊन दारात आला. आता रहिमतपुरात विहिरीवरच्या जळक्या मोटारी रिवाइंडिंग करून द्यायचं त्याचं दुकान होतं.

"नमस्कार मॅडम."

"मॅडम काय रे? मी स्वप्ना."

"व्हय की! वळीखलं मी. पर पोरीम्होरं नावानं हाक मारली तर तुमची शिस्त जाईल ना." तो हसला. "ही अपेक्षा. जरा ध्यान ठेवा."

शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिनं विचारलं, "डबा आणलाय ना हिनं?" झालं. तेवढंच.

वर्गात एकतीस पोरं. आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट होतीच. आधीच्या कुणीतरी ती तेलरंगानं पक्की आखून ठेवलेली. मुख्याध्यापक लालासाहेब सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मॅडम, ही चौथी म्हंजी चुलीवरचं दूध. नजर हटली की उतू. ती चौकट सोडू नका." नव्या जागी वाईट कशाला व्हायचं, म्हणून तिनं चौकट चालू ठेवली. सई नावाची नेटकी, चुणचुणीत पोरगी मॉनिटर केली.

तिसऱ्या आठवड्यात रोज एकच नाव दिसायला लागलं. अपेक्षा. कधी एक फुली, कधी दोन. गुरुवारी पोषण आहाराची माहिती भरून स्वप्ना वर्गात आली, तर तीन फुल्या. तीन फुल्या झाल्या की बाहेर उभं राहायचं, या नियमाप्रमाणं अपेक्षा आपणहून उठून दाराकडं निघाली होती.

"थांब. काय बोलत होतीस?"

"हातचा."

"काय?"

"हातचा सांगत हुते, बाई. ह्या मुकुलला. त्यो दहा घेतो आन् घेतल्यालं इसरतो."

वर्ग फसकन हसला. मुकुलनं तोंडावर वही धरली.

स्वप्ना सईकडं वळली. "मग हिचं नाव का लिहिलंस?"

सई गोंधळली. आपलं काही चुकलंय असं तिला वाटतच नव्हतं. "कोनाचं तरी लिवायला लागतंयच की, बाई. चौकट मोकळी ठेवली की तुमी इचारता, मग आवाज कुणाचा हुता?"

खरंच, स्वप्ना तसं विचारत होती. शब्दाला शब्द तोच.

"पण अपेक्षाचंच का?"

"ती काय म्हनत न्हाई," सई म्हणाली.

स्वप्नानं डस्टर घेतलं आणि नाव पुसलं. फुल्या पुसल्या. चौकट काही पुसली जाईना.

"आजपासून हिच्यात कुणाचंही नाव यायचं नाही," ती म्हणाली. "शेजाऱ्याला समजावून सांगायचं असेल तर खुशाल बोला. पण त्याला ऐकू जाईल एवढंच."

पोरांनी पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला. शुक्रवारी पत्रा उडेल असा गलका. लालासाहेब सर दारातून डोकावले. "मॅडम, बाजार हिकडं हलवला का काय?" सोमवारी तर तिचा हात पट्टीकडं जाऊन आला. वर्गाला गप्प करायला तिनं जात्यावरच्या ओवीच्या चालीवर दोन ओळी बांधून शिकवल्या होत्या, त्याही तिच्या ओरडण्यात विरून जात होत्या.

मंगळवारी घसाच बसला. तिनं दारात उभं राहून तोंडातल्या तोंडात म्हटल्यासारखी ओळ म्हटली,

"भरली घागर माझी, डोईवरी डुले गं..."

पुढच्या रांगेला नीट ऐकू येईना. ती रांग गप्प झाली. तिला बघून मागची. मग कुणीतरी, बहुतेक मुकुलनं, उरलेली ओळ पुरी केली,

"हळू चाला बायांनो, थेंब नको सांडू गं."

दुसऱ्यांदा ती आणखी हळू म्हणाली. पोरं त्याहून हळू. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले, एकतीस तोंडांचे, आणि बाहेरच्या नळाची टपटप वर्गात ऐकू आली.

त्या दिवसापासून ऑफिसात जायच्या आधी ती चौकटीत नाव नाही, काम लिहायची. दोन उदाहरणं, नाहीतर एक कोडं. काम न देता बाई निघून गेल्या तर वर्ग बोलणारच. तो आवाज बाईंचाच धरायचा. लालासाहेब सर पुन्हा डोकावले, जरा वेळ उभे राहिले. "कुजबुज चाललीय," म्हणाले, "पर दूध उतू न्हाई गेलं," आणि निघून गेले.

शनिवारी पालकसभा झाली. सगळे गेल्यावर कपिल मागं रेंगाळला. हाताला मोटारीच्या वार्निशचा वास.

"पोरगी घरी ओळी म्हनत फिरतीय. आई म्हनली, शाळेत जातं मांडलंय का काय." मग जरा चाचरत, "एक इचारू? आपल्या चौथीचा फोटू हाय का तुमच्याकडं? हिला बघायचाय म्हनं."

फोटो स्वप्नाच्या पर्समध्येच होता. जूनपासून रोज. तिनं तो काढून टेबलावर ठेवला. अपेक्षा टाचा उंच करून वाकली.

"ह्या बाई! दोन वेण्या! पप्पा, तुमी कुठं?"

"मी न्हाई त्यात." कपिलनं फोटोच्या कडेवर बोट टेकवलं. "ही भिंत हाय न्हवं, हिच्या मागं. वर्गात लय बडबड करायचो, म्हणून बाईंनी उभा केल्याला."

"म्हंजी मी तुमच्यावर गेले!" अपेक्षा खूश झाली.

"गेलीस बाई," तो हसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते हसणं खरं होतं. इतक्या वर्षांत फळ्यावरचं ते नाव त्यानं स्वतःच खरं करून टाकलं होतं.

वर्गात शांतता होती. चौकटीत सकाळची वजाबाकी तशीच. स्वप्नानं फोटोवरचा हात काढला.

"न्हाई, अपेक्षा. तुझे पप्पा बोलत नव्हते. बोलत होते मी." मग तिनं मान वर केली. "कपिल, तुझं नाव मी लिहिलं. खोटं लिहिलं. तू बोलला नव्हतास."