गोणपाटाखालची कोथिंबीर

भांडगावच्या काळ्या रानात चाळीस वर्षे राबलेले सावळाराम लेकाकडे कारेगावला राहायला आले, तेव्हा त्यांच्या हातांना काही कामच उरले नाही. मुलगा सत्यजित कारखान्यात पाळीवर जाई, सून अनिता घर पाही. चाळीतल्या त्यांच्या खोलीमागे दोन खाटांएवढी मुरमाड जागा रिकामी होती. तिथे दसऱ्याला आणखी एक खोली उभारण्याचा घरमालक बन्सीदादांचा बेत होता.

“दादा, एवढी माती मला द्या,” सावळाराम म्हणाले.

बन्सीदादा साऱ्या चाळीदेखत हसले. “माती? आबा, ह्यो निव्वळ मुरूम हाय. दसऱ्यापतूर हितं कोथिंबिरीची एक जुडी काढून दावा, खोलीचं नाव काढणार न्हाई. न्हाई निघाली, तर पाया तुमीच खणायचा!”

“कबूल!”

श्रावणात सावळारामांनी शेणखत मिसळून वाफा सिद्ध केला. धने चपलेखाली रगडून फोडले आणि देवाला अक्षता वाहाव्यात तशा भावाने पेरले. मग जन्माच्या सवयीने, पाटाचे पाणी सोडावे तशा, बादल्यांवर बादल्या ओतल्या. काळ्या मातीने ते पाणी पोटात घेतले असते. मुरमाच्या उतारावरून मात्र पाणी बियाणे घेऊनच निघाले. पोळा आला तरी वाफा ओसाड, आणि बन्सीदादांच्या दारापुढच्या गटारीकाठी मात्र हिरवेगार कोंब डोलत होते.

“आबा, माझ्या दारात पेरायचं ठरलं हुतं व्हय?” बन्सीदादांनी विचारले. चाळ खो खो हसली.

त्या दुपारी सावळाराम जेवले नाहीत. अनिताने चहा पुढे ठेवला आणि ती दाराशी घुटमळली.

“मामा, रागावू नका. माझी आई शिरूरला परसातली भाजी बाजारात विकायची. पेरलं की वर ओलं गोणपाट टाकायची आन् पाणी गोणपाटावर शिंपडायची. मग पाण्याला धावायला जागाच राहत न्हाई.”

“चाळीस वर्सं रान केलंय मी, पोरी.”

“रान केलंय, मामा. परस न्हाई केलं.”

सावळारामांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग उठले, स्वतःच गोणपाट झटकून घेऊन आले आणि धने नव्याने पेरून ते ओले करून वर पसरले.

रोज पहाटे ते तांब्याने पाणी शिंपडत आणि झोपल्या बाळाचे पांघरूण सारावे तशा हलक्या हाताने एक कोपरा उचलून पाहत. दहाव्या दिवशी कोपरा उचलावा लागला नाही. इवल्या कोंबांनी गोणपाटच डोक्यावर तोलून धरले होते.

दसऱ्याच्या सकाळी विटांची ट्रॉली चाळीमागे येऊन उभी राहिली. बन्सीदादा वाफ्यापाशी वाकले, एक पान चुरगाळून त्यांनी नाकाशी नेले आणि तसेच थबकले. वीतभर उंचीची कोथिंबीर काठोकाठ दाटली होती.

“वास काय घेताय?” त्यांच्या पत्नी जाईबाई कडाडल्या. “सगळ्यांदेखत शब्द दिलाय!”

“ट्रॉली माघारी ने रं!” बन्सीदादा ओरडले आणि त्यांनी हात जोडले. “आबा, जिंकलात.”

“मी न्हाई. ही पेर माज्या सुनंची हाय,” सावळाराम खणखणीत आवाजात म्हणाले. “अनिता, पयली जुडी तू उपट.”

मुळांसकट जुडी वर आली आणि चाळभर दरवळ सुटला. बाया अनिताभोवती गोळा झाल्या. कुणाला मेथी लावायची होती, कुणाला पुदिना.

“मामा, आधी गोणपाट भिजवून आणा,” ती गर्दीतून म्हणाली.

आणि चाळीस वर्षे रान केलेले सावळाराम बादली घेऊन, मान ताठ ठेवून, नळाकडे निघाले.